पोपट नसलेला फोटो

"सूर्य कुठं आहे?" अत्तार सरांनी विचारलं.

सगळ्या पोरांनी वर बोट केलं. एकानं तर टाचा उंचावून केलं, सरांना नीट दिसावं म्हणून.

"वर आहे ते आमच्या बकरीलापण माहीत आहे. तुमच्या कुठल्या बाजूला आहे ते सांगा."

मग वाचनालयाच्या पटांगणात पोरं गरागरा फिरायला लागली. कुणी म्हणालं डावीकडं, कुणी म्हणालं डोक्यावर, आणि तेजू काहीच म्हणाली नाही. ती स्वतःच्या पायापाशी पडलेल्या सावलीकडं बघत होती. मग सावलीच्या बरोबर उलट दिशेला तिनं अंगठा केला.

"शाबास," सर म्हणाले. "सूर्य शोधायला वर बघू नये, डोळे जातात. खाली बघावं."

मी भिंतीला टेकून उभी होते. हातात छत्री, पाण्याची बाटली आणि तेजूच्या चपला. तासगावच्या त्या वाचनालयात दर उन्हाळ्यात मुलांचं शिबिर असायचं, चित्रकला आणि हस्ताक्षर. त्या वर्षी पहिल्यांदाच फोटो काढायला शिकवणार होते आणि शिकवायला नूर स्टुडिओचे अत्तार सर आले होते. रोजचं गिऱ्हाईक सोडून आलेला माणूस, पण पोरांत पोर झाला होता.

तेजू म्हणजे तेजस्विनी, माझ्या नवऱ्याची मुलगी. तेव्हा मी अशीच ओळख करून देत असे. वय नऊ. तिची आई काविळीनं गेली त्याला दोन पावसाळे झाले होते आणि मला त्या घरात येऊन जेमतेम वर्ष. माझं लग्न उशिरा झालं. लोक घोडनवरी म्हणायचे. मी ऐकून घ्यायची आणि त्यांच्या चहात साखर कमी घालायची. तर सांगायचं म्हणजे तेजूनं मला कधी उलट उत्तर दिलं नाही, ताटात टाकलं नाही, वेणी घालायला बसली की हूं की चूं केलं नाही. फक्त ती मला हाक मारायची नाही. काही हवं असलं की जवळ येऊन उभी राहायची आणि म्हणायची, "ऐका ना." वर्षभर मी त्या घरात 'ऐका ना' या नावानं वावरले.

"आता नीट ऐका," सर म्हणाले. "कॅमेरा धरताना दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटवायची. श्वास रोखायचा. बटण दाबायचं, ठोकायचं नाही. बकरीचा फोटो काढायचा तर काय व्हायचं?"

"बकरी," पोरं म्हणाली.

"बकरीएवढं व्हायचं. खाली बसा." सगळी पोरं फतकल मारून बसली. "आणि दाबायच्या आधी चारी कोपरे बघायचे. फोटोत चोर शिरतो तो कोपऱ्यातनं. कुणाचं कोपर, कुणाची चप्पल. आणि सगळ्यात मोठा चोर म्हणजे आपलीच सावली. सूर्य पाठीशी घेतला की सावली पुढं पडते. ती फोटोत आली तर फोटो नापास."

मग त्यांनी काय काय काढायचं ते सांगितलं. ज्या वस्तूला तोंड नाही तिचं तोंड शोधा. एक फोटो मुंगीच्या डोळ्यांनी काढा. एक असा काढा ज्यात पिवळ्याशिवाय काही नाही. एक आरशातला, स्वतःचा. आणि उरलेल्या रोलात 'माझं घर'.

"घरात कोण कोण आहे, ते मला फोटो बघून कळलं पाहिजे. तोंडानं सांगायचं नाही."

हे वाक्य मी ऐकलं आणि हातातल्या चपला उगाच दुसऱ्या हातात घेतल्या.

दुसऱ्या दिवशी कॅमेरा आणायला आम्ही स्टुडिओत गेलो. प्लॅस्टिकचा साधा कॅमेरा, त्यात एकच रोल. संपला की संपला. सर रोल भरून दाखवत होते, फिल्मची पट्टी बाहेर ओढून. "सगळे फोटो या एकाच पट्टीवर, एकापुढं एक बसतात," ते म्हणाले आणि तेजूनं मान हलवली. तेवढ्यात तीन बायका आत आल्या, जावाजावा असाव्यात. नव्याकोऱ्या साड्या, केसांत अबोली. दोघी पडद्यापुढं उभ्या राहिल्या आणि थोरली मागं सरली.

"तिघींचा नको बाई. तीन तिगाडा काम बिगाडा. एक जातंय म्हणत्यात."

सरांनी काही वाद घातला नाही. काउंटरखालून एक लाकडी पोपट काढला, रंग उडालेला, आणि त्यांच्या पुढ्यात स्टुलावर बसवला. "झालात चार. हसा आता."

बायका गेल्यावर मला म्हणाले, "मी मानत नाही. पण गिऱ्हाईक मानतं, आणि पोपट काही खायला मागत नाही."

तेजू पोपटाकडं एकटक बघत होती. "पोपट नसला तर?" तिनं विचारलं.

"तर फोटो काढायचा नाही," सर हसत म्हणाले आणि कॅमेरा तिच्या गळ्यात घातला. मी हसले. तेजू हसली नाही. ती पोपटाला हात न लावता बाहेर पडली.

पुढचे दिवस आमच्या घरात सुखानं कुणी बसलं नाही. तोंड नसलेल्या वस्तूंची तोंडं शोधत तेजू घरभर फिरली. लोखंडी कपाटाला दोन डोळे आणि लांब नाक निघालं. ह्यांच्या स्कूटरचं तोंड तर शकूवन्संसारखं निघालं, हे मी बोलले नाही, तीच हळूच बोलली, आणि आम्ही दोघी एकदम हसलो. शकूवन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण, पुढच्याच गल्लीत दिलेली. मुंगीच्या डोळ्यांचा फोटो काढायला ती अंगणात पालथी पडली आणि मी तिच्या पोटाखाली पोतं सरकवलं. पिवळं शोधायला आम्ही हळदीचा डबा, पिवळी घागर आणि शेजारच्यांचं धुणं असं सगळं पालथं घातलं.

नऊ वर्षांच्या पोरीनं सरांचा कॅमेरा घेऊन एकटीनं हिंडायचं नाही असं ह्यांनी सांगितलं होतं, म्हणून मी कायम बरोबर. आणि एक गंमत होती. मी जरा मागं थांबले की ती माझा पदर धरून मला ओढून आणायची.

"ऐका ना. हितं उभ्या राहा. माझ्या शेजारी."

"ऊन लागतंय होय? थांब, छत्री धरते तुझ्यावर."

"माझ्यावर नको. तुमच्यावर धरा. आणि हलू नका."

मला वाटलं, कुत्र्यांना भीत असेल. आमच्या शेडवर दोन मोठी कुत्री होती.

शेड म्हणजे बेदाण्याचं. गावाबाहेर आमची द्राक्षबाग आणि तिला लागून जाळ्यांवर द्राक्षं वाळवायचं शेड. चैत्र-वैशाखात हे तिथंच असायचे. संध्याकाळच्या उन्हात तेजूनं त्यांना शेडच्या दारात उभं केलं, मग म्हणाली, खाली बसा, आणि एवढा उंचापुरा माणूस निमूट उकिडवा बसला. तसं ते कुणाचं ऐकणाऱ्यांतले नव्हते. नंतर तिनं कोंबड्यांचे काढले, शकूवन्संचा त्यांच्या उंबऱ्यात काढला, आमच्या घराच्या दाराचा काढला. आरशापुढं उभं राहून स्वतःचा काढला, तेव्हा मला खोलीबाहेर थांबायला सांगितलं.

माझा काढला नाही. मी वाट बघितली. आता काढेल, मग काढेल. एकदा मी नवी साडीसुद्धा नेसले, उगाचच, दळण आणायला.

शेवटी एका संध्याकाळी शेंगा फोडता फोडता हेच म्हणाले, "तेजू, हिचापण एक काढ की."

"नको."

"का गं?"

"रोल संपंल."

"कोंबडीचे तीन काढलेस की."

तिनं कॅमेरा पिशवीत घातला, पिशवीचा बंद ओढला आणि परसात निघून गेली. "लहान आहे," हे म्हणाले. "मी कुठं काय म्हणाले?" मी म्हणाले, आणि मेथी निवडायला बसले. थोड्या वेळानं बघते तर पानं कचऱ्यात आणि काड्या पातेल्यात. कशाला लपवू, मला फार लागलं. कोंबडीला तीन आणि मला एक नाही. मी कोंबडीला दाणे टाकतानाही त्या दिवशी तिच्याकडं बघितलं नाही.

शिबिर संपलं त्या दिवशी वाचनालयाच्या हॉलमध्ये दोऱ्या बांधल्या होत्या आणि कपड्यांच्या चिमट्यांनी फोटो टांगले होते. प्रत्येक पोराची एक दोरी. आईबाप, आजी-आजोबा, सगळे माना वर करून फिरत होते. तेजूच्या दोरीवर कपाटाचं तोंड होतं, मुंगीच्या उंचीवरून तुळशीच्या कुंडीचा किल्ला होता, हळदीचा डबा होता, आरशातली ती स्वतः होती. एवढंच. बाकी दोरी मोकळी.

"माझा काढलावता की," शकूवन्सं म्हणाल्या. "कुठं लावलाय?"

"बघते," मी म्हणाले.

"तुझा न्हाई काढला?"

"नाही."

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "असू दे." त्या वर्षभरात त्यांनी मला पुष्कळ टोमणे मारले असतील, पण त्या 'असू दे'एवढं काही टोचलं नाही.

तेवढ्यात अत्तार सरांनी मला आतल्या खोलीत बोलावलं. टेबलावर फोटोंचं पाकीट होतं.

"वहिनी, 'माझं घर'चे फोटो मी लावले नाहीत. पोरीचा हात चांगला आहे. पण एकसुद्धा फोटो सावलीशिवाय नाही. म्हटलं, खालून कापून देतो, चौकट बरोबर बसते. तर हिनं कात्रीवर हात ठेवला. म्हणाली, कापायचे नाहीत. कापायचे असतील तर लावू नका."

मी पाकिटातले फोटो काढले.

पहिला ह्यांचा, शेडच्या दारात उकिडवे बसलेले. त्यांच्या पुढं जमिनीवर दोन सावल्या होत्या. एक छोटी, दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटवलेली. आणि तिच्या शेजारी एक मोठी, छत्री धरलेली.

कोंबडीच्या फोटोत त्याच दोन सावल्या, आणि कोंबडी माझ्या डोक्यावर उभी होती. वन्संच्या फोटोत माझी छत्री त्यांच्या पायांपर्यंत पोचली होती. घराच्या दाराच्या फोटोत आम्ही दोघी पायरीवर चढलो होतो. शेवटच्या फोटोत छत्री मिटलेली होती, आणि छोटी सावली मोठीला इतकी चिकटली होती की एक कुठं संपते नि दुसरी कुठं लागते ते कळत नव्हतं. मी तो फोटो बराच वेळ धरून बसले. सर बाहेर गेले, त्यांना लोकांनी बोलावलं असावं.

घरी जाताना ओढ्यावरच्या पुलाच्या कठड्यावर आम्ही बसलो. पाकीट माझ्या मांडीवर होतं.

"तेजू, माझी सावली काढण्यापेक्षा मलाच काढायचं की."

ती पाय हलवत राहिली. मग म्हणाली, "तीन झाले असते."

"कोण तीन?"

"पप्पा. आरशातली मी. आणि तुम्ही. एकाच पट्टीवर."

"आत्यापण आहे की पट्टीवर."

"आत्या तिच्या घरातली."

मला अजून कळेना. "मग झाले असते तीन. काय बिघडलं?"

"जत्रेतल्या फोटोत पोपट नव्हता," ती म्हणाली.

मग एकेक करून बाहेर आलं. तिची आई होती तेव्हा तिघं जत्रेला गेले होते. पुठ्ठ्याच्या विमानात बसून फोटो काढायचा म्हणून तेजू जमिनीवर लोळली. आई म्हणत होती, नको, उशीर झालाय. तेजूनं ऐकलं नाही. तिघांचा फोटो काढला आणि पावसाळ्यात आई गेली. तेराव्याला शकूआत्या स्वैपाकघरात कुणाला तरी म्हणाली, तिघांचा फोटो काढला, तिथंच चुकलं. तेजू दाराआड उभी होती.

"सावलीला काय होत न्हाई," तेजू म्हणाली. "सावली मोजत न्हाईत."

एवढं सगळं ती दोन वर्षं एकटी घेऊन फिरत होती. आणि मी कोंबडीवर रुसून बसले होते. त्या क्षणी शकूवन्सं पुलावर असत्या तर मी त्यांना ओढ्यात ढकललं असतं. ओढ्याला पाणी नव्हतं, तरी ढकललं असतं.

"खुळी का काय तू," मी म्हणाले. "असं काही नसतं. आई काविळीनं गेली."

तिनं मान हलवली. बोलणं संपावं म्हणून मुलं हलवतात तशी. खोटं आहे म्हटल्यानं भीती जात नाही, हे मला कळायला हवं होतं. पाल काही करत नाही हे मलाही लहानपणापासून सांगतायत.

घरी गेल्यावर ह्यांना विचारलं, "जत्रेतला फोटो कुठाय?"

ते उठले आणि कपाटातून, शालूच्या घडीखालून काढून दिला. काही विचारलं नाही, आणि माझ्या हातात देऊन बाहेर जाऊन बसले.

तिला मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोत ती ताठ होती, इथं हसत होती. देखणी बाई. मला काहीच वाटलं नाही असं म्हणणार नाही. पण तिच्या हाताच्या मुठीत तेजूचा फ्रॉक घट्ट धरलेला होता, पोर विमानातून पडेल म्हणून. विमान जमिनीवर होतं. ते बघितलं आणि मला रडू आलं. उघड्या मैदानात, उतरत्या उन्हात काढलेला फोटो. मी सरांनी शिकवल्याप्रमाणे चारी कोपरे बघितले. खालच्या डाव्या कोपऱ्यातून एक सावली आत आली होती, लांब, सरळ. नीट बघितलं असतं तर दिसलं असतं, तिला डोकं नव्हतं. मी नीट बघितलं नाही.

सकाळी तेजूला पायरीवर बसवलं आणि फोटो तिच्या हातात दिला. तिनं तो मागं करायला बघितलं.

"कोपरे बघ," मी म्हणाले. "हे काय आहे?"

"सावली."

"कुणाची असंल?"

तिनं खांदे उडवले.

"फोटो आपोआप निघतो का? कुणीतरी काढतंय की. सूर्य त्याच्या पाठीशी, आणि सावली पुढं. चौथा माणूस होता तिथं, तेजू. पोपटापेक्षा मोठा."

"सावली मोजत न्हाईत," ती म्हणाली, पण हळू.

मी कालचं पाकीट काढलं आणि तिचे सगळे फोटो पायरीवर मांडले. "ह्यांत मी आहे का नाही?"

"हाय."

"मग तूच ठरव. मला मोजायचं असलं तर ह्या माणसालापण मोजावं लागंल. ह्याला सोडलंस तर मलापण सोड."

बोलून गेले आणि मग माझं मलाच कळलं. एवढ्याशा पोरीपुढं मी काय टाकून बसले होते. सोडलं असतं तर कुठं जाणार होते? वरच्या खोलीत जाऊन मेथी निवडत बसले असते.

तेजूनं जत्रेतला फोटो गुडघ्यावर ठेवला. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा गुडघ्यावर ठेवला. मग बोट टेकलं. "पप्पा, एक." बोट सरकलं. "मम्मी, दोन." आईच्या तोंडावर ते जरा थांबलं. "मी, तीन."

बोट हवेत राहिलं. परसात कोंबडी ओरडत होती. तेजूनं माझ्याकडं बघितलं, पायरीवर मांडलेल्या फोटोंकडं बघितलं, आणि बोट कोपऱ्यात आणून टेकवलं.

"चार," ती म्हणाली.

आणि मग रडली. आई गेली तेव्हा ही रडली नव्हती असं हे नेहमी सांगायचे. ती तेव्हाचंही रडली असावी. मी तिला मांडीवर ओढून घेतलं, आणि नऊ वर्षांची लांब तंगड्यांची पोर मावली तेवढी मावली.

अत्तार सरांना मी सांगितलं, फोटो नापास असले तरी लावा. त्यांनी न कापता लावले, स्टुडिओच्या काचेत. मग आम्ही तिघं तिथं फोटो काढायला गेलो. सरांनी आम्हाला बघितलं, सवयीनं मोजलं आणि काउंटरखाली हात घातला.

"पोपट नको, सर," तेजू म्हणाली. "तुम्ही आहात की."

आता तेजू पुण्यात असते. रविवारी सोसायटीतल्या पोरांना गोळा करते आणि विचारते, सूर्य कुठं आहे. पोरांच्या हातात फोन असतात, रोल संपायची भीती नाही, पण वर बोट ती अजून करतात म्हणे. गेल्या दिवाळीत घरी आली तेव्हा आम्ही दोघी जुने फोटो लावत बसलो होतो. जत्रेतला फोटो तिच्या हातात आला. तिनं चष्मा वर केला आणि बघितलं.

"आई, ही तंबूच्या खांबाची सावली आहे."

मी चहा ढवळत राहिले. "असंल."

"असंल काय? माणसाला डोकं असतं."

"कधी कळलं तुला?"

"त्याच दिवशी. पायरीवर. तूच म्हणालीस की कोपरे बघ."

"आणि मग चार कशाला म्हणालीस?"

तेजूनं फोटो वहीत बसवला, चारी कोपरे अंगठ्यानं दाबले.

"तुला सोडायचं नव्हतं म्हणून," ती म्हणाली.